आर्च पर्याय ‘वाय’ केला की ड्रायव्हर गळ्यात पडलेच पाहिजेत का?

घाटमाथा (धागाकर्ता)

सध्या एआरएम६४ चा (६४-बिट एआरएम प्रोसेसरांचा) केकॉन्फिग, म्हणजे लिनक्स कर्नलच्या बांधणीचे पर्याय लिहिलेल्या फाइल्स, बारकाईने वाचतोय. एका गोष्टीवर इथल्या मंडळींची मतं हवी आहेत.

लिनक्स कर्नल बांधताना मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे पर्याय निवडायच्या मेन्यूत, ‘प्लॅटफॉर्म सिलेक्शन’ हा भाग येतो. तिथे चिपच्या एकेका घराण्याचा पर्याय असतो: आर्च_एक्सिनॉस (सॅमसंग), आर्च_रॉकचिप, आर्च_क्यूकॉम (क्वालकॉम), आर्च_सनएक्सआय (ऑलविनर) वगैरे. यातला एखादा पर्याय ‘वाय’ (हो) केला तर त्याने नेमकं काय करावं? त्या चिपचे ड्रायव्हर फक्त यादीत दाखवावेत, की परस्पर कर्नलमध्ये घालूनच टाकावेत?

माझं मत आधीच सांगतो: दाखवावेत, बहुतेकांचं काम होईल असं डीफॉल्ट द्यावं, पण सक्ती करू नये.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी. ३२-बिट एआरएमच्या जुन्या काळात हा पर्याय बदलला की कर्नल खरोखरच वेगळा तयार व्हायचा. बोर्डाची सगळी माहिती सी भाषेतल्या बोर्ड फाइलमध्ये कोरलेली, प्रत्येक घराण्याची वेगळी डिरेक्टरी. एका चिपसाठी बांधलेला कर्नल शेजारच्या चिपवर चढायचाच नाही. मार्च २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने मेलिंग लिस्टवर या पसाऱ्याबद्दल चांगलाच संताप व्यक्त केला. त्यानंतर डिव्हाइस ट्रीकडे (बोर्डाचं वर्णन करणाऱ्या वेगळ्या फाइलकडे) जाण्याला जोर आला आणि डिसेंबर २०१२ च्या ३.७ आवृत्तीत ‘मल्टिप्लॅटफॉर्म’ (अनेक घराण्यांना एकच कर्नल) आला. एआरएम६४ सुद्धा त्याच ३.७ मध्ये दाखल झालं. तिथे पहिल्यापासून धोरण हेच की इमेज एक आणि बोर्डाचं वर्णन डीटीबीत, म्हणजे कंपाइल केलेल्या डिव्हाइस ट्रीत.

म्हणजे आज एआरएम६४ वर आर्च_एक्सिनॉस ‘वाय’ केल्याने कर्नलचा गाभा बदलत नाही. बदलतं ते एवढंच: कुठल्या ड्रायव्हरबद्दल आपल्याला विचारलं जातं आणि कुठले न विचारता आत येतात. भांडण या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये हे भांडण उघड्यावर आलं. गूगलच्या बाजूने पॅच आले की आर्च_एक्सिनॉसखालच्या ‘सिलेक्ट’ ओळी, म्हणजे एका पर्यायासोबत दुसरा सक्तीने चालू करणाऱ्या ओळी, काढा. त्या यादीत सॅमसंगचा क्लॉक (चिपच्या भागांना ठोके पुरवणारा), पिनकंट्रोल (पिनांचं काम ठरवणारा), पीएमयू (वीज सांभाळणारा), चिपआयडी, पॉवर डोमेन असं बरंच काही होतं. अँड्रॉइडच्या जीकेआय (सामाईक कर्नल) योजनेत कर्नलचा गाभा सगळ्यांना सारखा आणि चिपवाल्यांचे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे गरजेनुसार चढवायच्या सुट्या फाइल्स म्हणून, बाहेर. सिलेक्टमुळे मात्र सॅमसंगचे ड्रायव्हर सगळ्यांच्याच गाभ्यात शिरत होते, फोन क्वालकॉमचा असला तरी. सॅमसंग प्लॅटफॉर्म सांभाळणाऱ्यांनी ठाम विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की हे ड्रायव्हर बूट होण्यासाठी अत्यावश्यक आहेत, मेनलाइनमधल्या (लिनसच्या अधिकृत कर्नलमधल्या) बोर्डांना या बदलाचा काही उपयोग नाही, आणि ज्यांना तो हवाय त्यांनी स्वतःचे ड्रायव्हर आधी मेनलाइनमध्ये आणावेत.

दोन्ही बाजू मला पटतात. पण यंत्रणा म्हणून सिलेक्ट इथे चुकीचं हत्यार आहे. आर्च पर्याय हा बूलियन, म्हणजे ‘वाय’ किंवा ‘एन’. बूलियन पर्यायाने ट्रायस्टेट (‘वाय’, ‘एन’ किंवा ‘एम’ म्हणजे मॉड्यूल) ड्रायव्हरला सिलेक्ट केलं की त्याची किमान पातळी ‘वाय’ ठरते. मग ‘एम’ निवडायची सोयच उरत नाही. मेन्यूकॉन्फिगमध्ये त्या ओळीवर कितीही वेळा एम दाबा, ती हलत नाही. शिवाय सिलेक्ट समोरच्या पर्यायाच्या अटी तपासत नाही. पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी वाढून जाणारा वाढपी असतो ना, अगदी तसं. केकॉन्फिगच्या दस्तऐवजातच लिहिलंय की सिलेक्ट शक्यतो अदृश्य पर्यायांसाठी आणि ज्यांना स्वतःच्या अटी नाहीत अशांसाठीच वापरा.

मंडळींनो, बोला.

---

तांबडा_रस्सा

असहमत. जोरात असहमत.

मी राउटर आणि छोट्या गेटवेचं काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना कर्नल बांधायला दिला की पहिला फोन हमखास एकच असतो: “सर, सीरियलवर काहीच येत नाही.” सिलेक्ट ही त्या फोनवरची लस आहे.

एक प्रसंग सांगतो. ऑलविनर चिपचा बोर्ड, ग्राहकाने स्वतः कॉन्फिग ‘स्वच्छ’ केलेलं. ऑलविनरचा यूआर्ट (सीरियल पोर्टचं हार्डवेअर) हा सिनॉप्सिसच्या डिझाइनवेअर जातीचा, त्याला ८२५०_डीडब्ल्यू नावाचा ड्रायव्हर लागतो. मेन्यूत त्या पर्यायाच्या नावात सिनॉप्सिस आहे, ऑलविनर कुठेच नाही. ग्राहकाने पाहिलं, आपल्याकडे सिनॉप्सिसचं काही नाही, आणि काढून टाकलं. आता गंमत बघा. अर्लीकॉन (बूटच्या सुरुवातीचा तात्पुरता कन्सोल) चालू होता म्हणून सुरुवातीचे संदेश छान येत होते. मेमरी, इंटरप्ट कंट्रोलर, सगळं व्यवस्थित. मग अचानक एका ओळीच्या मध्यावर शांत. ग्राहक तीन आठवडे डीडीआर (रॅम) टायमिंगच्या मागे.

कारण असं होतं: कर्नल बूटच्या शेवटी शेवटी, ज्या क्लॉकवर कोणीच हक्क सांगितलेला नाही ते बंद करतो. यूआर्टचा खरा ड्रायव्हर नाही, म्हणजे यूआर्टच्या क्लॉकला मालक नाही. कर्नलने तो बंद केला आणि अर्लीकॉनचा गळा आवळला गेला. कमांड लाइनवर ‘क्लॉक_इग्नोर_अनयूज्ड’ दिल्याबरोबर संदेश पुढे यायला लागले आणि उलगडा झाला.

आर्च पर्यायाने हा ड्रायव्हर सक्तीने घेतला असता तर हे तीन आठवडे वाचले असते. मॉड्यूलचं स्वातंत्र्य गूगलला हवंय, मान्य. त्याची किंमत माझ्या ग्राहकाने का मोजायची?

---

रातकिडा

@तांबडा_रस्सा, क्लॉकचा किस्सा नेमका आहे, जपून ठेवतो. पण तुमच्या औषधाने दुसऱ्याला आजार होतोय.

मी एका डिस्ट्रोचं (तयार लिनक्स वितरणाचं) एआरएम६४ पॅकेजिंग बघतो. आम्हाला एकच कर्नल सगळ्या बोर्डांवर चालवायचा असतो, म्हणून जवळजवळ सगळे आर्च पर्याय ‘वाय’. प्रत्येक घराण्याने आपापले क्लॉक आणि पिनकंट्रोल सिलेक्टने आत ढकलले तर रॉकचिपच्या बोर्डावर क्वालकॉमच्या, मीडियाटेकच्या, एनएक्सपीच्या क्लॉकची कोष्टकं रॅममध्ये बसून राहतात. ही कोष्टकं लहान नसतात, एकेका चिपच्या क्लॉक ड्रायव्हरमध्ये शेकडो नोंदी असतात. मॉड्यूल असतील तर ती फक्त डिस्कवर राहतात, ज्याची चिप त्याचंच मॉड्यूल चढतं.

बाकी क्लॉक आणि पिनकंट्रोल मॉड्यूल केले की काम संपलं असंही नाही. इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये उघडणाऱ्या छोट्या फाइल सिस्टिममध्ये) ते मॉड्यूल असायलाच हवेत, नाहीतर ईएमएमसी (बोर्डावरची फ्लॅश डिस्क) सापडत नाही आणि रूट, म्हणजे मुख्य फाइल सिस्टिम, माउंट होत नाही. क्लॉक पुरवणारा अजून आलेला नाही म्हणून थांबून राहणारे ड्रायव्हर, त्यांचा क्रम, एफडब्ल्यू_डेव्हलिंक (कोण कोणावर अवलंबून ते पाहणारी कर्नलची सोय) ते कसं जुळवतं, हे सगळं त्या त्या चिपवर तपासावं लागतं. ‘ट्रायस्टेट’ लिहिणं पाच मिनिटांचं काम आहे. मॉड्यूल म्हणून तो ड्रायव्हर खरंच चालतो का हे पाहायला हातात बोर्ड लागतो. २०२१ च्या वादात सॅमसंगवाल्यांची जी चिडचिड होती तिचा निम्मा भाग इथे होता आणि तो रास्त होता.

---

मांडवी

मी पणजीहून. कॉलेजच्या प्रकल्पासाठी व्हिजनफाइव्ह २ घेतलाय, स्टारफाइव्हची जेएच७११० चिप, प्रोसेसर रिस्क-व्ही जातीचा (एआरएमपेक्षा वेगळा). जुन्या ब्लॉगांमध्ये एसओसी_स्टारफाइव्ह लिहिलेलं दिसतं आणि नव्या सोर्समध्ये आर्च_स्टारफाइव्ह. आर्किटेक्चर तर रिस्क-व्ही आहे ना? मग प्रत्येक कंपनीला ‘आर्च’ का म्हणतात? आणि घाटमाथा म्हणतात तसं रिस्क-व्हीवर पण सिलेक्ट आहे का?

---

घाटमाथा

@मांडवी, छान प्रश्न.

रिस्क-व्हीने सुरुवातीला स्वतःची पद्धत धरली होती, केकॉन्फिग.एसओसीज या फाइलमध्ये एसओसी_ लावून नावं. अडचण तेव्हा आली जेव्हा एआरएमच्या जुन्या कंपन्या रिस्क-व्ही चिप काढू लागल्या. ऑलविनरची डी१ बघा. गाभा रिस्क-व्ही, पण भोवतालचे यूआर्ट, एमएमसी, पिनकंट्रोल त्यांच्या एआरएम चिपांच्याच कुळातले. रेनेसासची आरझी/फाइव्ह तशीच. त्या ड्रायव्हरांच्या केकॉन्फिगमध्ये आधीपासून ‘डिपेंड्स ऑन आर्च_सनएक्सआय’, ‘डिपेंड्स ऑन आर्च_रेनेसास’ लिहिलेलं होतं. रिस्क-व्हीवर वेगळं नाव ठेवायचं तर शेकडो ओळींत ‘किंवा एसओसी_अमुक’ जोडत बसायचं. त्यापेक्षा नाव एकच ठेवणं सोपं, म्हणून सगळे हळूहळू आर्च_वर आले.

आणि इथेच माझा मुद्दा पण आहे. डी१ च्या उदाहरणात आर्च_सनएक्सआयचा अर्थ ‘ऑलविनरचं हार्डवेअर समोर असू शकतं’ एवढाच उरतो. त्याला प्रोसेसरच्या जातीशी काही देणंघेणं नाही. मग अशा पर्यायाने गाभ्यात काही ढकलावं याला आधार काय?

सिलेक्टबद्दल: रिस्क-व्हीच्या त्या फाइलमध्येही सुरुवातीला ड्रायव्हर सिलेक्ट करायची सवय होती. ती कमी करून ड्रायव्हरच्याच केकॉन्फिगमध्ये ‘डीफॉल्ट आर्च_अमुक’ लिहायचं, असा तिथल्या मंडळींचा कल आहे. मला तो अगदी योग्य वाटतो.

---

दूरदेशी

जर्मनीत गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो. आमच्याकडे चिपवाल्याचा बीएसपी (त्याने दिलेला कर्नल आणि ड्रायव्हरांचा संच), त्यावर आमचे पॅच, आणि दर दोन वर्षांनी नव्या एलटीएसवर (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीवर) उडी. त्या उडीत सगळ्यात जास्त रक्त कुठे आटतं तर कॉन्फिगमध्ये. म्हणून एक गोष्ट मांडतो जी अजून कोणी मांडलेली नाही.

सिलेक्ट काढायचंय? काढा. पण नुसतं काढलं तर जगभरचे डेफकॉन्फिग (साठवलेल्या निवडींच्या फाइल्स) मुकाट्याने मोडतील. कसे ते सांगतो. २०१० मध्ये एआरएमच्या डेफकॉन्फिग फाइल्स हजारो ओळींच्या झाल्या होत्या, लिनसने त्या काढून टाकायची तयारी दाखवली, आणि त्यातून ‘मेक सेव्हडेफकॉन्फिग’ आलं. ते काय करतं, तर जे डीफॉल्टने किंवा सिलेक्टने आपोआप येणारच आहे ते फाइलमधून गाळतं. उरतं ते फक्त आपण वेगळं निवडलेलं. फार चांगली सोय आहे. पण याचा अर्थ सिलेक्टने आलेल्या पिनकंट्रोलची ओळ आमच्या डेफकॉन्फिगमध्ये नाहीच. उद्या वर कोणी सिलेक्ट काढलं की आमच्या फाइलमध्ये एक अक्षर न बदलता पिनकंट्रोल गायब. एरर नाही, वॉर्निंग नाही. बोर्ड टेबलावर येईपर्यंत पत्ता लागत नाही.

पूर्ण डॉट कॉन्फिग (सगळ्या पर्यायांची फाइल) जपून ठेवणारे बचावतात, कारण त्यात ‘वाय’ नोंदलेलं असतं आणि ‘मेक ओल्डकॉन्फिग’ ते पुढे नेतं. सेव्हडेफकॉन्फिग वापरणारे, म्हणजे योक्टो आणि बिल्डरूट (एम्बेडेड लिनक्स बांधायची साधनं) वापरणारी बरीचशी मंडळी, पडतात.

म्हणून माझी अट: सिलेक्ट काढणाऱ्या पॅचमध्येच, त्याच कमिटमध्ये, ड्रायव्हरच्या बाजूला ‘डीफॉल्ट आर्च_अमुक’ आलंच पाहिजे. दोन वेगळ्या झाडांतून (मेंटेनरांच्या कोडच्या प्रतींतून) दोन वेगळ्या रिलीजमध्ये नको.

---

रातकिडा

@दूरदेशी, +१. याच कारणासाठी मला ‘इम्प्लाय’ (सिलेक्टचा सक्ती नसलेला भाऊ) पण आवडतं. ४.१० पासून आहे. आर्च पर्यायाने इम्प्लाय केलं तर ड्रायव्हर डीफॉल्टने ‘वाय’ येतो, पण हवा तर ‘एम’ करता येतो, नको तर ‘एन’. आणि ड्रायव्हरच्या अटी पूर्ण होत नसतील तर तो गपचूप बाजूला राहतो.

---

दूरदेशी

इम्प्लायला माझा आक्षेप एकच. यादी पुन्हा आर्चच्या फाइलमध्ये साठते. प्रत्येक नव्या चिपला तिथे एक ओळ, दोन मेंटेनरांच्या झाडांत मर्ज कॉन्फ्लिक्ट. ‘डीफॉल्ट’ ड्रायव्हरजवळ राहतं, ड्रायव्हर काढला की त्याच्याबरोबर जातं.

---

तांबडा_रस्सा

डेफकॉन्फिगचा मुद्दा माझ्या बाजूचाच आहे असं मी समजतो. 🙂

बरं, ‘डीफॉल्ट’ ठीक आहे असं धरू. पण मग दुसरं टोक बघा. माझ्या राउटरमध्ये १६ एमबी फ्लॅश. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमची जुनी खोकी ओपनडब्ल्यूआरटीला (राउटरांसाठीच्या लिनक्सला) शेवटी सोडावीच लागली, कारण कर्नल वाढत गेला आणि जागा वाढली नाही. आम्हाला प्रत्येक न लागणारा ड्रायव्हर काढता यायला हवा. ओपनडब्ल्यूआरटीत प्रत्येक टार्गेटची वेगळी कॉन्फिग फाइल असते, खाली सगळ्यांची सामाईक. तिथे आम्ही एकेक ओळ हाताने बंद करतो. तर घराण्याच्या नावावर बारा चिपांचे क्लॉक ड्रायव्हर डीफॉल्टने येणार असतील तर मला तेही नको. माझ्या बोर्डावर चिप एकच आहे.

---

घाटमाथा

@तांबडा_रस्सा, तुम्ही एका प्रतिसादात सक्ती मागता आणि दुसऱ्यात काढायची मुभा. सिलेक्ट असेल तर ही मुभा अजिबातच मिळत नाही. डीफॉल्ट असेल तर तुमची एक ओळ तरी चालते. तुमच्याच १६ एमबीसाठी सिलेक्ट जायला हवं.

घराणं की चिप, हा मात्र वेगळा आणि खरा प्रश्न आहे. एआरएम६४ मध्ये आर्च पर्याय मुद्दाम घराण्यापुरता ठेवलाय, नाहीतर प्लॅटफॉर्मचा मेन्यू पुन्हा २०११ सारखा होईल. चिपनिहाय निवड ड्रायव्हरच्या पातळीवर असावी. बऱ्याच घराण्यांत आज तशी असतेच, क्लॉक ड्रायव्हरच्या मेन्यूत चिपचं नाव घेऊन एकेक ओळ.

---

मांडवी

मधेच विचारते. रास्पबेरी पाय ५ साठी बीसीएम२७१२_डेफकॉन्फिग वेगळा का आहे मग? पाय ४ चा बीसीएम२७११_डेफकॉन्फिग आणि तो, दोन्ही ६४-बिटच ना? एक इमेज धोरणात ते कसं बसतं?

---

रातकिडा

@मांडवी, ते दोन्ही रास्पबेरी पायच्या स्वतःच्या झाडातले, मेनलाइनमधले नाहीत. पण प्रश्न बरोबर जागी आहे. पाय ५ च्या कॉन्फिगमध्ये मेमरीच्या पानाचा आकार १६ केबी ठेवलाय, पाय ४ च्या ४ केबी. पानाचा आकार बिल्डच्या वेळीच ठरतो, चालू झाल्यावर बदलता येत नाही. १६ केबीने टीएलबीवरचा (मेमरीचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या प्रोसेसरमधल्या कॅशवरचा) ताण कमी होतो, वेग थोडा वाढतो. पण ४ केबी गृहीत धरून बांधलेली काही सॉफ्टवेअर त्यावर कोसळली, विशेषतः जेमॅलॉक (मेमरी वाटप करणारी लायब्ररी) वापरणारी. म्हणून पाय ५ च्या बूट विभाजनात दोन्ही इमेज असतात आणि कॉन्फिग.टीएक्सटीत कर्नल८.आयएमजीचं नाव लिहून ४ केबीवर परतता येतं.

रेड हॅटनेही हा प्रवास केलाय. आधी त्यांचा एआरएम६४ कर्नल ६४ केबी पानांचा होता, आरएचईएल ९ मध्ये (रेड हॅटच्या लिनक्सच्या ९व्या आवृत्तीत) तो ४ केबीवर आला आणि ६४ केबीचा वेगळा पर्यायी कर्नल ठेवला.

म्हणजे काही पर्याय खरोखरच इमेज वेगळी करणारे असतात. त्यांना आर्च_च्या ड्रायव्हर याद्यांबरोबर एका टोपलीत टाकू नये.

---

घाटमाथा

यावर रिस्क-व्हीने केलेली एक गोष्ट मला फार आवडते. तिथे ‘नॉनपोर्टेबल’ नावाचा पर्याय आहे. जे काही निवडल्याने कर्नल सर्वसाधारण बोर्डांवर चालणार नाही ते याच्या मागे ठेवलंय, ३२-बिटचा पर्यायसुद्धा. तो बंद असेल तर कर्नल आपोआप एमएमयू (मेमरी व्यवस्थापन), डिव्हाइस ट्री आणि ईएफआय (बूटची प्रमाण पद्धत) घेऊन बांधला जातो. इथे सिलेक्टचा वापर रास्त आहे, कारण कुठल्याही एका कंपनीचं हार्डवेअर त्यात नाही, सगळ्या सर्वसाधारण कर्नलांना लागणाऱ्या सोयी आहेत. आपण कुठली रेषा ओलांडतोय ते माणसाला ओलांडण्याआधी कळतं.

---

दूरदेशी

चाचण्यांबद्दल दोन शब्द, कारण ‘डिपेंड्स ऑन आर्च_अमुक’ला विरोध करणारे हे कारण देतात की मग इतरांच्या मशीनवर ड्रायव्हर कंपाइलच होत नाही.

त्यावर उत्तर २०१३ पासून आहे, ३.११ मधलं कंपाइल_टेस्ट. ‘डिपेंड्स ऑन आर्च_अमुक किंवा कंपाइल_टेस्ट’ लिहिलं की साध्या एक्स८६ वापरकर्त्याला तो ड्रायव्हर दिसत नाही, पण ऑलमॉडकॉन्फिग (शक्य ते सगळं मॉड्यूल म्हणून बांधणं) चालवणाऱ्या चाचणीच्या बॉटला दिसतो. कर्नलमध्ये पंधरा हजारांहून जास्त कॉन्फिग पर्याय आहेत. ज्याच्याकडे ते हार्डवेअर असणं शक्यच नाही त्याला त्याबद्दल विचारणं म्हणजे त्याचा वेळ खाणं. लिनस मर्ज विंडोत (नवे बदल स्वीकारायच्या काळात) अनेकदा अशा नव्या प्रश्नांवर आणि उगाच लावलेल्या ‘डीफॉल्ट वाय’वर हरकत घेतो, ते योग्यच आहे.

आणि सिलेक्टचा त्रास याच बॉटना होतो. रँडकॉन्फिगमध्ये (चाचणीसाठी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या कॉन्फिगमध्ये) आर्च पर्याय आला, त्याने पिनकंट्रोल ओढला, पिनकंट्रोलला लागणारी जीपीआयओची (सर्वसाधारण पिनांची) यंत्रणा मात्र बंद. आधी ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज’ची वॉर्निंग, मग लिंकिंगमध्ये घोळ. असे अहवाल येतात तेव्हा लोक आर्चखाली अजून एक सिलेक्ट वाढवतात. साखळी लांबत जाते.

---

तांबडा_रस्सा

रँडकॉन्फिगचा हा अनुभव मलाही आहे, नाकारत नाही.

माझी मागणी कमी करून सांगतो. आर्च पर्यायाने ड्रायव्हर ढकलू नयेत, चालेल. पण ज्या ड्रायव्हरशिवाय सीरियल कन्सोल उठत नाही त्याला ‘डीफॉल्ट आर्च_अमुक’ हवंच. आणि मेन्यूतला तो प्रश्न ‘एक्स्पर्ट’ (जाणकारांसाठीचे प्रश्न उघडणारा पर्याय) चालू असेल तरच दिसावा, म्हणजे ‘स्वच्छता’ करणाऱ्याच्या हाताला सहज लागणार नाही. शिवाय हेल्प मजकुरात बोर्डांची नावं. ८२५०_डीडब्ल्यूच्या हेल्पमध्ये ऑलविनर आणि रॉकचिप एवढे दोन शब्द असते तर आमच्या ग्राहकाने तो काढला नसता.

---

घाटमाथा

एक्स्पर्टमागे लपवण्याला माझी हरकत नाही. एम करायची मुभा एक्स्पर्टवाल्याला राहते, डिस्ट्रोवाले एक्स्पर्ट चालू करू शकतात. फक्त रातकिडा म्हणाले ते त्यात घालू: ट्रायस्टेट करण्याआधी मॉड्यूल म्हणून बूट केल्याचा लॉग पॅचसोबत हवा, खऱ्या बोर्डावरचा. एकेक ड्रायव्हर, एकेक पॅच. सॅमसंगच्या वादात सगळं एका झटक्यात मागितलं गेलं आणि अडलं. त्यानंतर त्याच घराण्यात सुटे सुटे ड्रायव्हर मॉड्यूल करायचे पॅच येत राहिले आहेत, तो मार्ग चालतो.

हेल्प मजकुराचा पॅच सगळ्यात आधी जावा. त्याला कोणाचाच विरोध असणार नाही.

---

मांडवी

मग मी काय करू शकते? माझ्याकडे बोर्ड आहे, सीरियल केबल आहे आणि परीक्षा संपलीये.

---

रातकिडा

@मांडवी, नक्की करा. मेनलाइनचा रिस्क-व्ही डेफकॉन्फिग घ्या. वेगळ्या छोट्या फाइलमध्ये फक्त तुमचे बदल लिहा, म्हणजे जेएच७११० चे जे क्लॉक आणि पिनकंट्रोल ड्रायव्हर ट्रायस्टेट आहेत ते ‘एम’. मर्ज_कॉन्फिग स्क्रिप्टने दोन्ही जोडा. जी ओळ मागितली तशी आली नाही ती स्क्रिप्ट सांगते, तिथेच कळेल की कोण सक्ती करतंय. इनिटरॅमएफएसमध्ये ते मॉड्यूल घाला. बूट लाइनवर अर्लीकॉन ठेवा आणि पहिल्या फेरीला क्लॉक_इग्नोर_अनयूज्ड पण. दुसऱ्या फेरीला ते काढून बघा आणि दोन्ही लॉग जपून ठेवा.

---

मांडवी

बिल्ड लावलाय. मर्ज_कॉन्फिगने एका क्लॉक ड्रायव्हरबद्दल तक्रार केली: मागितला ‘एम’, मिळाला ‘वाय’. कोणामुळे आला ते मेन्यूकॉन्फिगमध्ये स्लॅश दाबून शोधते आणि नाव इथेच टाकते.

---

तांबडा_रस्सा

@मांडवी, शोधाच्या निकालात ‘सिलेक्टेड बाय’च्या खालची ओळ जशीच्या तशी टाका. ८२५०_डीडब्ल्यूच्या हेल्पचा पॅच मी आज रात्री लिहायला घेतोय. घाटमाथा, पाठवायच्या आधी एकदा नजर टाका.